कपात कोणी केली?

प्रश्न : ‘उत्पादनात कपात’ असा मथळा आणि त्याच बातमीत खाली ‘उत्पादनात घट झाल्यामुळे’ असा मजकूर अलीकडे वाचनात आला. कपात, घट आणि तूट हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर चालतात का? ‘कपात’ हा शब्द ‘कापणे’वरून आला असावा असे वाटते, तसे असेल तर कापूस आणि कापड हे शब्दही त्याच घराण्यातले म्हणायचे का?

उत्तर : आपण सांगितलेल्या बातमीत मथळा आणि मजकूर यांचे एकमेकांशी पटलेले नाही. मागणी नाही म्हणून कारखान्याने तीन पाळ्यांच्या दोन केल्या, तर ती उत्पादनातील कपात होय. यंत्र वारंवार बंद पडल्यामुळे माल कमी निघाला, तर ती घट होय. कपातीमागे कोणाचा तरी निर्णय असतो, घटीमागे तो असलाच पाहिजे असे नाही. ‘कपात झाली’ असेही आपण म्हणतो, परंतु त्यावर ‘कोणी केली?’ असे विचारता येते आणि त्याला उत्तरही मिळते. ‘पावसात घट झाली’ या वाक्यावर तोच प्रश्न विचारणारा माणूस थट्टा करत असतो. धरणातील साठा घटतो, मग पुरवठ्यात कपात होते. ‘साठ्यात कपात झाली’ असे लिहिले, तर कोणीतरी धरणाचे दरवाजे उघडले होते काय, अशी शंका वाचकाच्या मनात यावी.

‘तूट’ या दोघींहून निराळी आहे, कारण तिला आधी ठरलेले एक माप लागते. जेवढे हवे होते किंवा जेवढे धरले होते, तेवढे भरले नाही की तूट पडते. गेल्या वर्षापेक्षा उत्पन्न वाढलेले असूनही तूट असू शकते, कारण खर्च त्याहून अधिक वाढलेला असतो. म्हणजे काहीच कमी न होताही तूट येऊ शकते. या तीन शब्दांतील भेद कोशातील अर्थापेक्षा त्यांच्या सोबतच्या क्रियापदांत अधिक स्वच्छ दिसतो. तूट भरून काढतात, घट रोखतात आणि कपात मागे घेतात. ‘घट मागे घेतली’ किंवा ‘कपात भरून काढली’ असे म्हणून पाहा. जीभ लगेच अडखळते.

आता व्युत्पत्ती. ‘कपात’ हे नाम ‘कापणे’वरून बनलेले आहे, हा आपला तर्क बरोबर आहे, धातूतील दीर्घ ‘का’ नामात ह्रस्व झाला, एवढेच. प्रश्न ‘कापणे’ कोठून आले हा आहे, आणि त्याचे उत्तर अनपेक्षित आहे. संस्कृतातील ‘क्लृप्’ या धातूचे प्रयोजक रूप ‘कल्पयति’. ‘नीट लावणे, जुळवणे, योग्य आकारास आणणे’ हा त्याचा मूळ अर्थ, आणि केस, नखे, दाढी नीट आकारात आणायची तर ती कापावी लागतात. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ‘क्लृप्तकेशनखश्मश्रुः’ असे विशेषण आले आहे. ज्याने केस, नखे आणि दाढी कापून नीटनेटकी केली आहेत असा, हा त्याचा अर्थ. संस्कृत कोशांत ‘कल्पनी’ म्हणजे कात्री आणि ‘कल्पक’ म्हणजे केस कापणारा असे अर्थ मिळतात, आणि पालीत न्हाव्याला ‘कप्पक’ हाच शब्द आहे. बुद्धाचा शिष्य उपाली हा पूर्वाश्रमीचा कप्पक होता. प्राकृतात ‘ल्प’चा ‘प्प’ होऊन ‘कप्प’ झाले, आणि पुढे मराठीत जोडाक्षर सुटून आधीचा स्वर दीर्घ झाला: कल्प, कप्प, काप. सर्पाचा सप्प आणि सप्पाचा साप याच वाटेने झाला, सप्ताचा सात आणि हस्ताचा हातही तसाच.

याचा अर्थ असा की कपात आणि कल्पना या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी आहेत. एकीने प्राकृताच्या रस्त्याने चालत येताना झीज सोसली, दुसरी संस्कृतातून थेट उचलली गेल्यामुळे जशीच्या तशी राहिली. ‘क्लृप्ती’ हा शब्दही त्याच धातूचा, आणि विकल्प, संकल्प, प्रकल्प हेही. ‘प्रकल्पाच्या खर्चात कपात’ किंवा ‘अर्थसंकल्पात कपात’ असे आपण लिहितो, तेव्हा एकाच धातूची दोन रूपे एका ओळीत शेजारी बसलेली असतात. ज्याला आज आपण मोठ्या कौतुकाने ‘कल्पक’ म्हणतो, त्याच्या हातात जुन्या भाषेने वस्तरा दिलेला होता, हे मला स्वतःला फार आवडते.

कापूस आणि कापड मात्र या घराण्यातले नाहीत. कापूस ‘कर्पास’पासून आला, कापड ‘कर्पट’पासून आणि त्यांच्याच जोडीला बसणारा कापूर ‘कर्पूर’पासून. ‘ल्प’ असो वा ‘र्प’, प्राकृतात दोन्हींचा ‘प्प’ होतो आणि मराठीत दोन्हींच्या जागी ‘काप’ उरतो. वेगवेगळ्या गावांहून आलेल्या माणसांनी एकच आडनाव घ्यावे तसा हा प्रकार आहे; कापड कापले जाते हा निव्वळ योगायोग. आणि ‘चहा कपात ओतला’ या वाक्यातील ‘कपात’ तर इंग्रजीतून आलेल्या कपाला मराठी सप्तमी लागून झालेला आहे, म्हणून ‘कपात साखरेची कपात’ हे वाक्य मराठीत व्याकरणदृष्ट्या निर्दोष ठरते.

‘घट’ या शब्दाविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण तेथे फसगत होण्यास जागा आहे. मडके या अर्थाचा ‘घट’ पुल्लिंगी आहे आणि कमी होणे या अर्थाची ‘घट’ स्त्रीलिंगी; घट बसतो आणि घट होते. ‘घटना’ या शब्दातील ‘घट्’ धातूवरून ‘कमी होणे’ हा अर्थ निघाला असेल असे अनेकांना वाटते, पण ध्वनी आड येतात. दोन स्वरांच्या मधला एकेरी ‘ट’ प्राकृतातून मराठीत येताना ‘ड’ होतो: वटाचा वड, घोटकाचा घोडा, घटिकेची घडी, आणि त्याच ‘घट्’ धातूचे ‘घडणे’. ‘घटणे’मध्ये ‘ट’ शाबूत आहे, त्याअर्थी मागे कोठेतरी तो दुहेरी, म्हणजे ‘ट्ट’ असला पाहिजे, जसा तो ‘तुटणे’ आणि ‘फुटणे’ यांच्या मागे आहे. म्हणून ‘घडणे’ आणि ‘घटणे’ यांना भावंडे मानू नये.

‘कपात’कडे परत येतो, कारण या शब्दात एक अडचण दडलेली आहे आणि ती थेट ‘कापणे’ या क्रियेतून आलेली आहे. ‘झाड कापले’ आणि ‘फांदी कापली’ ही दोन्ही वाक्ये मराठीत शुद्ध आहेत, परंतु पहिल्यात ज्यावर वार झाला त्याचे नाव आहे आणि दुसऱ्यात जे कापून बाजूला पडले त्याचे. ‘पगार कापला’ आणि ‘शंभर रुपये कापले’ यांतही तेच. नामात हा दुटप्पीपणा तसाच उतरला. ‘करकपात’ या शब्दाचे काय करायचे? बातमीच्या मथळ्यात तो आला तर सरकारने कर कमी केला असे आपण समजतो आणि खूश होतो. पगाराच्या किंवा व्याजाच्या कागदावर ‘मुळातून करकपात’ असे छापलेले असते तेव्हा कर कमी झालेला नसतो, उलट तो आपल्या रकमेतून कापून घेतलेला असतो. पहिल्या वाक्यात कर हे झाड आहे, दुसऱ्यात फांदी.

येथे विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मदतीला येतात, जर लिहिणाऱ्याने त्यांना येऊ दिले तर. मी पूर्वी ज्या कार्यालयात काम करत असे, तेथील फलकावर एकदा सूचना लागली: ‘पुढील महिन्यापासून सर्वांच्या पगारात पाच टक्के कपात करण्यात येईल.’ दुपारपर्यंत कोणाचेही लक्ष कामात नव्हते. संध्याकाळी उलगडा झाला की कर्मचाऱ्यांच्या बचत निधीची वर्गणी परस्पर वळती करून घेतली जाणार होती आणि पगार होता तेवढाच राहणार होता. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर कोणीतरी त्या कागदावर ‘पगारात’ या शब्दापुढे निळ्या पेनाने ‘ून’ लिहिले होते. ‘पगारात कपात’ म्हणजे पगारच लहान झाला; ‘पगारातून कपात’ म्हणजे त्यातला एक भाग दुसरीकडे गेला. हा व्याकरणाचा कडक नियम आहे असे मी म्हणणार नाही, कारण चांगले लेखकही दोन्ही रूपे सरमिसळ वापरतात. पण असा भेद हाताशी असताना तो वाया घालवू नये.

तसाच दुसरा भेद ‘-ने’ आणि ‘पर्यंत’ यांचा, आणि त्याचे उत्तम उदाहरण संसदेच्या कामकाजात सापडते. अनुदानाच्या मागणीवर, म्हणजे एखाद्या खात्याच्या खर्चासाठी सरकारने मागितलेल्या रकमेवर, सदस्य ‘कपात सूचना’ मांडतात. सरकारचे धोरणच मान्य नाही असे सांगायचे असेल, तर मागणीची रक्कम १ रुपयापर्यंत कमी करावी अशी सूचना असते. एखादी विशिष्ट तक्रार वेशीवर टांगायची असेल, तर रक्कम १०० रुपयांनी कमी करावी अशी. आकडा मोठा आहे म्हणून दुसरी सूचना अधिक कठोर असे समजणारा पुरता फसतो, कारण पहिलीत काय उरले ते सांगितले आहे आणि दुसरीत काय गेले ते. टक्केवारीच्या बाबतीतही हीच काळजी लागते. व्याजदर ८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आला, तर ‘दोन टक्क्यांची कपात’ असे लिहिण्याचा प्रघात आहे, आणि तीच गोष्ट ‘२५ टक्क्यांनी कपात’ अशीही बिनचूक सांगता येते, कारण आठाचा पाव हिस्सा दोन. दोन्ही वाक्ये खरी असल्यामुळे मूळ आणि नवा असे दोन्ही आकडे दिल्याशिवाय वाचकाला काहीच कळत नाही. ‘दुपटीने कमी’ हा प्रयोग मात्र सरळ टाकून द्यावा. शंभरातून त्याची दुप्पट वजा केली तर उणे शंभर उरतात. लिहिणाऱ्याला ‘निम्मे’ म्हणायचे असते, आणि ‘निम्मे’ हा शब्द मराठीत शतकानुशतके सुखाने नांदतो आहे.

शेवटी एक पुस्ती. ‘कपात’ हा शब्द कर्त्याला पुढे आणतो, म्हणूनच ज्यांना पुढे यायचे नसते ते तो टाळतात. वीजकपातीचे ‘भारनियमन’ झाले आणि कर्मचारी कपातीचे ‘मनुष्यबळाचे सुसूत्रीकरण’. हे शब्द चुकीचे नाहीत, पण ‘कोणी केली?’ हा प्रश्न त्यांना विचारायचा तर आधी त्यांचा अर्थ लावण्यात वेळ जातो.

प्रश्न : ‘दहा वजा चार’ यातील ‘वजा’ आणि ‘सूचनावजा’, ‘झोपडीवजा’ यांतील ‘वजा’ हे दोन शब्द आहेत की एकच? एकच असेल तर ‘कमी करणे’ आणि ‘-सारखे’ हे अर्थ एकत्र कसे आले?

उत्तर : शब्द एकच आहे. अरबीतील ‘वज़्अ’ हा शब्द फारसीच्या द्वारे आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘ठेवणे’ असा आहे. एखादी रक्कम हिशेबात बाजूला काढून ठेवली की एकूण रकमेतून ती कमी होते. कारकुनी भाषेत ‘वजा करणे’ याचा अर्थ असा घडला. म्हणजे वजा करताना काही कापले जात नाही, फक्त बाजूला ठेवले जाते, आणि म्हणूनच कपातीची धार ‘वजावट’ या शब्दाला नाही. करदाता ‘वजावट’ मागतो, ‘कपात’ सोसतो, हा फरक निव्वळ सवयीचा नसून शब्दांच्या मुळाशी जाणारा आहे. ‘वजाबाकी’ या जोडशब्दातील ‘बाकी’ हीसुद्धा अरबीच, ‘उरलेले’ या अर्थाची. जे बाजूला ठेवले ते आणि जे उरले ते, अशी ती पूर्ण क्रिया एका शब्दात नोंदवलेली आहे.

दुसरा अर्थही ‘ठेवणे’तूनच येतो. वस्तू ज्या रीतीने ठेवलेली असते ती तिची ठेवण, आणि ठेवण म्हणजे घडण, ढब, रूप. मराठीतही ‘चेहऱ्याची ठेवण’ असे आपण म्हणतोच. फारसीने नेमके तेच ‘वज़्अ’च्या बाबतीत केले. ‘झोपडीवजा’ म्हणजे झोपडीच्या ठेवणीचे. त्याच अरबी धातूचे आणखी एक अपत्य जमिनीच्या कागदपत्रांत रोज भेटते, ते म्हणजे गावाच्या नावामागे लागणारे ‘मौजे’. मूळ शब्दाचा अर्थ ‘ठेवण्याची जागा, ठिकाण’. ‘मौज’ या शब्दाशी त्याचे काहीही नाते नाही.

‘कमी’चे मूळ फारसी आहे, हे येथेच सांगून टाकतो. फारसीत ‘कम’ हे विशेषण आणि ‘कमी’ हे त्याचे भाववाचक नाम, म्हणजे ‘कमपणा’. हिंदीने हा भेद पाळला, मराठीने नामालाच विशेषण केले आणि ‘कमी पाणी’ म्हणायला सुरुवात केली. मग भाववाचक नाम उरले नाही, म्हणून त्याच्यावर पुन्हा प्रत्यय चढवून ‘कमीपणा’ बनवला. शब्दशः पाहिले तर तो ‘कमपणापणा’ आहे. ‘कमतरता’ तर आणखी मजेशीर, कारण त्यात फारसी ‘कम’, ‘अधिक’ दाखवणारा फारसी ‘तर’ आणि वर संस्कृत ‘ता’ असे तीन मजले आहेत. ‘कम’ मूळ रूपात पाहायचा असेल तर तो मराठीत कमकुवत, कमनशिबी, कमजोर, कमअस्सल अशा जोडशब्दांत अजून जसाच्या तसा आहे.

प्रश्न : नातीला अंक शिकवताना ८९ ला मी ‘एकोणनव्वद’ म्हणते आणि तिच्या पुस्तकात ‘नव्याऐंशी’ आहे. बरोबर कोणते, आणि ‘एकोण’ म्हणजे काय?

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत, फक्त आपण वजाबाकी करता आणि पुस्तक बेरीज करते. ‘एकोण’ म्हणजे ‘एक ऊन’, एकाने उणा. ‘एकोनविंशति’, म्हणजे एकाने उणे असे वीस, याचे झिजून ‘एकोणीस’ झाले, आणि एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी ही सारी त्याच पद्धतीची. आपल्या ‘एकोणनव्वद’मध्ये ही रीत पुढे चालू राहते. ‘नव्याऐंशी’ मात्र संस्कृत ‘नवाशीति’वरून आले, नऊ आणि ऐंशी यांच्या बेरजेतून, आणि ‘नव्व्याण्णव’ हेही ‘नवनवति’वरून तसेच. म्हणजे संख्यांच्या नावांत उणे करण्याची ही सवय एकोणिसापासून सुरू होते आणि नव्वदीच्या आसपास सुटते. नातीला गोंधळ होत असेल तर पुस्तकातला शब्द चालू द्यावा, पण आपला शब्द तिच्या कानावर असू द्यावा. उणे चिन्ह शिकण्याच्या वेळी तो ‘ऊन’ उपयोगी पडेल. उन्हाळ्यातल्या उन्हाशी मात्र त्याचा संबंध जोडू देऊ नये, ते ‘उष्ण’पासून आले आहे.

प्रश्न : ‘ह्रास’ लिहावे की ‘ऱ्हास’?

उत्तर : संस्कृतात ‘ह्रास’ आहे आणि ‘ह्रस्व’ हा शब्द त्याच धातूचा. मराठी उच्चारात ‘र’ आधी आणि ‘ह’ नंतर येतो, म्हणून ‘ऱ्हास’ हेच लेखन रूढ झाले आहे आणि तेच ठेवावे. मात्र हा शब्द मोजमापाला चालत नाही, हे ध्यानात असावे. मूल्यांचा, जंगलांचा किंवा एखाद्या घराण्याचा ऱ्हास होतो, पण ‘विक्रीत पाच टक्के ऱ्हास’ असे कोणी लिहिले तर ते वाक्य दुरुस्तीसाठी परत पाठवावे लागते. तेथे ‘घट’ हवी.